अंगणातल्या सेन्सरच्या दिव्याआधी डबल पोल स्विच बसवा

आमच्या दारव्हा तालुक्यात आता बहुतेक घरांच्या अंगणात एलईडीचा फोकस दिसतो आणि त्याला सेन्सर लावून मागणारेही वाढलेत. गरजच तशी आहे. पावसाळ्यात अंगणात मण्यार निघते, घोणस निघते. रात्री एखादं ढोर हंबरलं की कोठ्यात जाऊन पाहावं लागतं. दिवाळीनंतर ओसरीत कापसाचा ढीग असतो. रात्रपाळीची लाईन असली की माणूस ओलीत आटोपून अपरात्री घरी येतो, एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात चपला. अशा वेळी अंधारात भिंत चाचपत बटन शोधण्यापेक्षा फाटकातून पाऊल टाकताच उजेड पडलेला बरा.

मी वायरमन आहे आणि ही कामं माझी रोजची. सेन्सर कोणता घ्यायचा, किती लांबून पेटतो, किती वेळ चालतो हे सगळे विचारतात. तो दिवा दुरुस्त करायची वेळ आली तर लाईन कुठून तोडायची, हे फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते या कामात तेच पहिलं. म्हणून सेन्सरच्या आधी स्विच.

बाहेरचा दिवा हा घरातला सगळ्यात धोक्याचा पॉइंट असतो. तो उन्हात तापतो, पावसात भिजतो, वाऱ्याने हलतो, आणि तो बदलणारा माणूस बहुधा ओल्या जमिनीवर लोखंडी शिडीवर उभा असतो. घरातलं साधं बटन फक्त एकच तार तोडतं. ती तार फेजची, म्हणजे करंट आणणारी, असेल तर ठीक. पण ती फेजचीच आहे हे आपण कशावरून धरून चालतो? वायरिंग झालं तेव्हा बरोबर होतं, एवढ्यावरून. अवकाळी आला, झाड पडलं, सर्व्हिस वायर तुटली, कोणीतरी खांबावर चढून घाईत दोन तारा जोडून दिल्या, आणि त्यात फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, उलटे झाले तर घरात कुणाला पत्ता लागत नाही. पंखा फिरतो, टीव्ही लागतो, सगळं सुरळीत दिसतं. फक्त प्रत्येक बटन आता न्यूट्रल तोडतंय आणि प्रत्येक होल्डरवर फेज उभी आहे.

एका घरी गेलो होतो. म्हाताऱ्या काकू, एकट्याच राहतात. तक्रार अशी की बाहेरचा दिवा बंद केला तरी रातभर काजव्यावानी पेटतो.

“बटन त बंद हाये ना बाप्पा, मंग हा पेटते कसा?”

“काकू, मागच्या वाऱ्यात तुमची तार तुटली होती काय?”

“तुटली होती ना. दुसऱ्या दिवशी जोडून देल्ली.”

मीटरजवळच्या मेन स्विचला टेस्टर लावला. न्यूट्रलच्या काळ्या तारेवर पेटला, फेजच्या लाल तारेवर नाही. एलईडी बटन बंद असतानाही मंद जळत राहिला तर आधी हाच संशय घ्या: बटन न्यूट्रलवर बसलंय, फेज दिव्यापर्यंत पोहोचलेली आहे आणि तारांमधून होणाऱ्या अगदी बारीक गळतीवर दिवा टिमटिमतो आहे. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटने काही होत नसे, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहायचा. एलईडी तो दाखवून देतो. असा दिवा पाहून “बल्ब खराब आहे” म्हणून नवीन आणू नका. मेनवर फेज-न्यूट्रल तपासून घ्या.

आणि म्हणूनच बाहेरच्या दिव्याला डबल पोल लागतं. हा स्विच दाबला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तुटतात. तारा सुलट असोत की उलट्या, पुढे काही जात नाही. गिझरला लावतात तो इंडिकेटरवाला डबल पोल स्विच चालतो, किंवा दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे नुसता हाताने पाडायचा स्विच, किंवा ६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. मी शक्यतो एमसीबीच सुचवतो, कारण शॉर्ट झाला तर तो स्वतः पडतो आणि हाताने बंद करायलाही तोच कामी येतो. नुसता आयसोलेटर शॉर्टमध्ये पडत नाही, त्याच्या आधी वेगळा एमसीबी लागतोच. दोन एकेरी एमसीबी शेजारी-शेजारी लावून डबल पोल होत नाही. दोघांची दांडी एकत्र जोडलेली असावी लागते, नाहीतर एखादा नुसता न्यूट्रल पाडून मोकळा होतो.

अर्थिंगची हिरवी तार मात्र कोणत्याही स्विचमधून न्यायची नाही. ती मीटरपासून दिव्याच्या बॉडीपर्यंत अखंड हवी.

स्विच घराच्या आत, दाराजवळ, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवा. बॉक्सच्या झाकणाला छोटं कुलूप लावता येईल असाच बॉक्स घ्या. वर शिडीवर काम चालू असताना खालून कोणीतरी सहज बटन दाबतं, यात त्या माणसाचाही दोष नसतो. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आमच्या भागात हीच जिवावर बेतते. लाईन गेली म्हणजे लाईन तोडली असं होत नाही. भारनियमनाची वेळ साधून लोक वायर जोडायला बसतात: “आता चार वाजेपर्यंत येत नाही.” लाईन कोणाला विचारून येत नाही. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल आणि बाहेरचा दिवा त्याच्यावर घेतलेला असेल तर गावात अंधार असतानाही त्या तारेत २३० व्होल्ट असतात. वेळ कोणतीही असो, आधी डबल पोल पाडा.

पाडल्यावरही तपासा. टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून पाहा की तो पेटतो, मग ज्या तारांवर काम करायचं त्या दोन्हींना लावा, आणि मग पुन्हा चालू पॉइंटला लावा. मधल्या वेळात टेस्टरच खराब झाला नाही ना, हे तिसऱ्या वेळी कळतं. लाकडी स्टुलावर उभं राहून टेस्टर धरला तर तो फार मंद पेटतो आणि दुपारच्या उन्हात तर दिसतच नाही. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्हीकडे मोजा.

नियमाप्रमाणे नवीन वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं असतं आणि मीटरच्या अलीकडच्या, खांबाकडच्या तारेला आपण हात लावायचा नसतो. त्यासाठी १९१२ वर तक्रार करता येते. हे मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाही. पण काम कसं व्हायला हवं हे घरच्या माणसाला माहीत असलं तर वायरमन एकच तार तोडणारं बटन लावून निघून जात नाही.

आता सामान. दीड एमएमची तांब्याची वायर, आयएसआय मार्क पाहून, लाल, काळी आणि हिरवी, शिवाय रिटर्नसाठी, म्हणजे बटनाकडून दिव्याकडे जाणाऱ्या तारेसाठी, एखादा वेगळा रंग, पिवळा म्हणा. पीव्हीसी पाइप. आयपी ६५ चा जंक्शन बॉक्स, म्हणजे ज्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याचा फवाराही आत जात नाही. ग्लँड (तार बॉक्समध्ये घट्ट बसवणारी टोपी), स्क्रूचे कनेक्टर, डबल पोल, एक साधं बटन, सेन्सर, दिवा. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर या कामासोबतच ती बसवून घ्या. अंगणात माणसाला शॉक लागताना एमसीबी पडत नाही, कारण माणसातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात फार थोडा असतो. आरसीसीबी नेमकी तेवढ्याच गळतीवर पडते. तिच्यावरचं टी लिहिलेलं बटन महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघायचं.

जोडणी अशी. डबल पोलच्या वरच्या बाजूला येणारी फेज आणि न्यूट्रल, खालून निघणारी फेज आणि न्यूट्रल. खालची फेज दोन ठिकाणी जाते: एक सेन्सरला आणि एक घरातल्या साध्या बटनाला. या बटनाची दुसरी तार, म्हणजे रिटर्न, बाहेर जाऊन सेन्सरच्या आउटपुट तारेला मिळते आणि तिथून दोघी मिळून दिव्याच्या फेजला. न्यूट्रल सेन्सरलाही जाते आणि दिव्यालाही. म्हणजे घरातून जंक्शन बॉक्सपर्यंत चार तारा: फेज, न्यूट्रल, रिटर्न, अर्थ. साधं बटन बंद असलं की दिवा सेन्सरच्या मर्जीने चालतो. ते चालू केलं की सेन्सर काहीही म्हणो, दिवा पेटलेला राहतो. पाहुणे जेवायला बसले असतील, गाय विणार असेल, रात्री कापूस गाडीत भरायचा असेल, तर याची गरज पडते. आणि सेन्सर बिघडला तरी दिवा हाताशी राहतो. हे बटन डबल पोलच्या पुढे असावं, मागे नाही, नाहीतर डबल पोल पाडूनही रिटर्नमधून फेज बाहेर जाईल. घरात थ्री फेज असेल तर सेन्सर आणि बटन दोघांनाही एकाच फेजवर ठेवा.

सेन्सरच्या तारांचे रंग नीट बघा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सेन्सरना तपकिरी, निळी आणि लाल अशा तीन तारा असतात. तपकिरी म्हणजे येणारी फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारं आउटपुट. आपल्या घरात लाल म्हणजे फेज, म्हणून हात आपोआप लालला लाल जोडायला जातो आणि मग “सेन्सर खराब निघाला” म्हणून दुकानदाराशी भांडण. सेन्सरच्या पाठीवर आकृती छापलेली असते. रंगावर जाऊ नका, ती वाचून जोडा. आणि डब्यावर वॅटचे दोन आकडे असतात, साध्या बल्बसाठी मोठा आणि एलईडीसाठी छोटा. आपल्याला छोटा आकडा लागू. एलईडी पेटतानाचा पहिला झटका मोठा असतो. एकाच सेन्सरवर चार-पाच फोकस चढवले तर आतल्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि दिवा दिवसाही विझत नाही.

जागा निवडताना विदर्भाचा उन्हाळा लक्षात घ्यावाच लागतो. हा सेन्सर माणसाला बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची, जमिनीची उष्णता यांच्यातला फरक हलताना त्याला कळतो. डब्यावर १२ मीटर लिहिलेलं असतं ते साधारण २४ अंश तापमानाला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश होतात आणि रात्री आठलाही भिंत आणि फरशी अंगाएवढीच तापलेली असते. फरकच उरला नाही तर सेन्सरला माणूस जवळ येईपर्यंत कळत नाही. हिवाळ्यात फाटकापासून पेटणारा दिवा उन्हाळ्यात ओसरीच्या पायरीशी आल्यावर पेटतो, यात बिघाड काही नाही. उपाय जागेत आहे. सेन्सर अडीच मीटरच्या आसपास उंचीवर लावा आणि असा लावा की माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. थेट सेन्सरकडे सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून फाटकाच्या अगदी समोरच्या भिंतीपेक्षा बाजूच्या भिंतीवर लावलेला बरा. दिवसभर पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या भिंतीकडे त्याचं तोंड नको, चुलीकडे नको, आणि कूलरच्या वाऱ्यात तर नकोच.

मायक्रोवेव्हचा सेन्सरही मिळतो, त्याला उष्णतेशी देणंघेणं नसतं. पण तो पातळ भिंतीच्या, लाकडी दाराच्या पलीकडची हालचालही पकडतो आणि हलणाऱ्या फांदीवरही पेटतो. उघड्या अंगणात शेवग्याचं झाड असेल तर वाऱ्याच्या रात्री तो विझायचाच नाही. कोठ्यात कोणताही सेन्सर ढोरांकडे तोंड करून लावू नका, बैल शेपूट हलवेल तेवढ्या वेळा दिवा लागेल. दाराच्या बाजूला लावा, येणाऱ्या माणसासाठी.

आणि हे घरच्यांना सांगून ठेवा की साप आला म्हणून हा दिवा लागणार नाही. सापाचं अंग भोवतालच्या जमिनीइतकंच गरम किंवा थंड असतं. दिवा तुमच्या येण्याने लागतो आणि मग साप तुम्हाला दिसतो. म्हणून दिव्याचा उजेड पायवाटेवर, पायऱ्यांवर, ओट्याच्या कडेला पडला पाहिजे, समोरच्या घराच्या खिडकीत नाही. दिवा सेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. त्याचा उजेड सेन्सरवर पडला की सेन्सरला दिवस उजाडल्यासारखं वाटतं, दिवा विझतो, अंधार होतो, पुन्हा पेटतो, आणि हा खेळ रातभर चालतो.

जोडणी झाली की डबल पोल चालू करा आणि एक मिनिट थांबा. सेन्सर सुरू होताना आपल्या मनाने एकदा दिवा पेटवतो आणि मग शांत होतो. लाईन जाऊन आली की दर वेळी असंच करतो. खाली छोट्या फिरक्या असतात. दिवसा तपासायचं असेल तर उजेडाची फिरकी सूर्याच्या चित्राकडे आणि वेळेची सगळ्यात कमीवर. अंगणातून चालून बघा, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने चालून बघा. सगळं बरोबर वाटलं की उजेडाची फिरकी चंद्राकडे वळवा आणि वेळ दोन-तीन मिनिटं ठेवा. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर पाच मिनिटं ठेवा.

बाहेरचा जोड टेपवर सोडू नका. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका कोठ्याचा बॉक्स उघडला. झाकणाच्या रबराच्या जागी मुंग्यांनी आणलेली बारीक माती होती, तळाशी वाळून कडक झालेली पाल. काळ्या टेपचा गोंद उन्हाने वितळून खाली ओघळला होता आणि टेप नुसती अंगठीसारखी सैल अडकलेली. आत पिळलेलं तांबं हिरवट पडलेलं, आणि ते पत्र्याच्या खिळ्यापासून बोटभरही लांब नव्हतं. पहिला पाऊस आत शिरला असता तर सगळा पत्रा जिवंत झाला असता आणि त्याच पत्र्याच्या खांबाला बैल बांधलेला होता. म्हणून जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घ्या, बॉक्सच्या बुडातून ग्लँडमधून तार आत घ्या, वरून नाही. आत जाण्याआधी तारेला खाली एक वळण द्या, म्हणजे तारेवरून येणारं पाणी वळणाच्या टोकाला टपकेल. न वापरलेली भोकं बंद करा. बऱ्याच सेन्सरवर आयपी ४४ लिहिलेलं असतं, ते शिंतोड्यांपुरतं. आपला आडवा पाऊस त्याला झेपत नाही, त्याला छज्ज्याखालीच लावा.

घरापासून कोठ्यापर्यंत तार वरून न्यायची असेल तर जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, सपोर्ट तारेला बांधून न्या आणि पऱ्हाट्यांनी भरलेली बंडी खालून जाईल एवढी उंची ठेवा. पत्र्याच्या धारेवर तार टेकू देऊ नका, वाऱ्याने घासून इन्सुलेशन कापतं. पत्र्याच्या शेडला स्वतंत्र अर्थिंग जोडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

शेतातल्या मोटारीच्या खोलीवर दिवा लावताना बरेच जण एक फेज घेतात आणि न्यूट्रलच्या जागी अर्थिंगचा रॉड वापरतात. दिवा पेटतो, म्हणून चालवून घेतात. त्या रॉडचा जोड सुटला की रॉडपासून दिव्यापर्यंतची सगळी तार, आणि तिला जोडलेली मोटारीची बॉडी, फेजवर येते. ओल्या पायाने स्टार्टरला हात लावणारा माणूस त्यात जातो. खरा न्यूट्रल आणा, आणता येत नसेल तर तिथे सोलरचा सेन्सरवाला दिवा लावा. तो चांगला पर्याय आहे.

आणि बाहेर पॉइंट काढला म्हणून रानडुकरांसाठी, रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) कुंपणात लाईन सोडायची नाही. विदर्भात अशा तारांना वाघ मेलेत, ढोरं मेलीत, आणि शेजारच्या शेतात ओलीत करायला निघालेली माणसंही मेलीत. तो गुन्हाही आहे. मला कोणी असं करून मागितलं तर मी ते काम करत नाही, आणि तुमच्या वायरमननेही करू नये.

कोणाला शॉक लागून तो चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी डबल पोल किंवा मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा, आणि १०८ ला फोन करा. डबल पोल दाराजवळ आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी असण्याचं हेही एक कारण.

दरवर्षी रोहिणीच्या सुमाराला, मृगाच्या आधी, डबल पोल पाडून बॉक्स उघडा, स्क्रू कसा, मुंग्या-माती झाडा, झाकणाचं रबर बघा, सेन्सरची पांढरी भिंगाची टोपी ओल्या फडक्याने पुसा. तिच्यावर धुरळा बसला की सेन्सर मंदावतो. वादळ आलं, विजा कडाडू लागल्या की बाहेरचा डबल पोल पाडून ठेवा. खांबावरची तार जोडून गेल्यावर दर वेळी मेनवर टेस्टर लावून फेज कोणत्या बाजूला आली ते बघा. आणि डबल पोलच्या बॉक्सच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा: हा स्विच कोणकोणते दिवे तोडतो, रिटर्नची तार कोणत्या रंगाची, काम कोणत्या वर्षी झालं. पुढे दुरुस्तीला येणारा वायरमन दुसराच कोणी असला तरी त्याला शिडीवर चढण्याआधी हे वाचायला मिळालं पाहिजे.